विलासने थांबवलेलं वल्हं

विलास गेल्याचं मला साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कळलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, लेथ पुन्हा सुरू झाले होते आणि त्या आवाजात अशोक फोनवर काय म्हणतोय ते मला दोनदा विचारावं लागलं. "विलास गेला रे," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "सकाळी. कावीळ मेंदूत गेली." मी रिसीव्हर ठेवला आणि हात पुसायचं फडकं शोधू लागलो. सत्तावीस वर्षांचा माणूस, कॉलेजातला माझा सगळ्यात जवळचा मित्र, पण मला आधी रडू नाही आलं, राग आला. सुटला हा, असं वाटलं. आता याला कोणी काही विचारू शकणार नाही... स्मशानातही मी तसाच उभा होतो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते, त्यांना वाटत होतं मी दुःखाने गप्प आहे.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोने, शुभांगीने, मला बोलावून घेतलं. "भावोजी, तुम्ही लिहिता ना पेपरात अधूनमधून? ह्यांच्यावर लिहा. तुमच्याइतकं ह्यांना कोणी ओळखत नव्हतं." मी हो म्हणालो. गेले पाच आठवडे हा लेख लिहितो आहे आणि फाडतो आहे. तिचं म्हणणं खरं आहे, माझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नव्हतं. तीच तर अडचण आहे.

आमची ओळख घाटकोपरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला झाली. तो कांजूरमार्गच्या चाळीतला, वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडे. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. मी जेमतेम पंचेचाळीस किलोचा. एकदा कँटीनमध्ये त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्यासारखाच माणूस पाहिजे होता यार." असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. माझं वजन कमी होतं म्हणून मी त्याला हवा होतो. आमच्या कॉलेजची आणि अंधेरीच्या कॉलेजची दर जानेवारीत पवईच्या तलावावर वल्ह्यांच्या बोटींची शर्यत व्हायची. आमचे खेळाचे सर त्या शर्यतीत पळालेले नव्हे, वल्हवलेले, आणि त्यांच्याही आधीपासून ती चालत आलेली. बोटीत चार जण वल्हवणारे, आणि पाचवा कॉक्स, म्हणजे सुकाणू धरून ताल मोजणारा. तो जितका हलका तितकं बरं.

ज्यांनी ही बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. वल्हवणारे चौघं एकामागे एक, पाठीच्या दिशेने बसतात. बोट जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ असते. एकटा कॉक्स पुढे बघतो, आणि त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, स्ट्रोक बसतो, म्हणजे बाकीच्यांना ताल देणारा गडी. विलास स्ट्रोक होता. मागचे तिघं त्याची पाठ बघून वल्हवत. त्याचा चेहरा फक्त मला दिसायचा. तीन हिवाळे मी रोज सकाळी तास-दीड तास तो चेहरा बघत बसलो आहे. त्याचा दम कधी संपत आला, तो कधी चिडला, कधी त्याला हसू येतंय, हे त्याच्याआधी मला कळायचं.

मला पोहता येत नव्हतं. पोहता न येणाऱ्याला बोटीत बसवायचं नाही असा तलावावरच्या आमच्या बोट क्लबचा कडक नियम होता. सरांनी विचारलं तेव्हा मी उत्तर शोधेपर्यंत विलासच म्हणाला, "येतं सर त्याला, मी पाहिलंय." नंतर दोन महिने रविवारी तो मला चेंबूरच्या एका तरणतलावावर घेऊन जायचा आणि पोटाखाली हात धरून पोहायला शिकवायचा. "पवईत मगरी आहेत," तो म्हणायचा, "त्या तुला खाणार नाहीत, तुझ्यात आहे काय खायला? पण बुडलास तर मला तुझ्या आईला तोंड दाखवता येणार नाही." असा होता तो. माझ्यासाठी सहज खोटं बोलला आणि मग ते खोटं खरं करायला दोन महिने खपला. मी त्याच्यावर जीव टाकायचो, हे आज लिहितानाही लपवत नाही.

आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्या अंधेरीवाल्यांकडून हरल्या होत्या. विलासने ठरवलं, आपल्या शेवटच्या वर्षी जिंकायचंच. अशोक आणि त्याचा चुलतभाऊ असे दोन गडी होते, चौथा मिळत नव्हता. मग त्याला जना सापडला. जनार्दन आमच्याच वर्गातला, भांडुपच्या पलीकडे खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. मागच्या बाकावर गप्प बसणारा. त्याच्या वडिलांना विचारायला आम्ही दोघं गेलो. धर्माकाका अंगणात जाळं पसरून बसले होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तलावान लाट नाय, वारा नाय, भरती-ओहोटी नाय. मंग शर्यत कसली?"

विलास हसत म्हणाला, "काका, तुमच्या पोराला सोपी जाईल म्हणून तर आलो."

"त्याला पाण्याचं काय शिकवाचं नाय," काका म्हणाले. "पन त्यानं कालेज सोडाचं नाय. आमच्या घरान पयलाच हाय तो. येवढं बघा."

"बघतो काका," विलास म्हणाला, "माझी जबाबदारी."

त्या हिवाळ्यात आमची बोट अशी जुळली की काठावरचे म्हातारे क्लबवालेही उभे राहून बघायचे. विलास स्ट्रोकला, त्याच्यामागे अशोक, अशोकमागे जना, टोकाला अशोकचा भाऊ. विलास आणि जना यांची वल्ही बोटीच्या एकाच बाजूला. जनाचं वल्हं पाण्यात पडताना आवाजच व्हायचा नाही. विलास म्हणायचा, "आपण वल्हवतो, हा पाण्याशी बोलतो." जना लाजून मान खाली घालायचा. गिरण्यांचा संप सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. विलासचे वडील घरीच होते, आणि विलास डब्यात आणलेली भाकरी अर्धीच खाऊन उरलेली धाकट्या बहिणीसाठी परत न्यायचा. मी पाहायचो, पण तो त्याबद्दल बोलायचा नाही.

शर्यतीच्या दिवशी धर्माकाका अख्खा टेम्पो भरून माणसं घेऊन आले. काकू, आत्या, शेजारणी, सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोलीचे गजरे माळून. तलावाच्या काठावर आमच्या कॉलेजच्या बाजूला इतके लोक कधी जमले नसतील. काकांनी कोणाला तरी सांगितल्याचं मी ऐकलं, "तिसरा बसलाय ना, तो आमचा."

आम्ही सुटलो आणि पहिल्या पन्नास वल्ह्यांतच मला कळलं, आज आपलं आहे. अर्ध्या अंतराला आम्ही पाऊण बोटीने पुढे होतो. शेवटची खूण दिसायला लागली तेव्हा मी ताल वाढवायला सांगितला. विलासने माझ्याकडे पाहिलं. दमलेला माणूस असा बघत नाही. दमलेल्याची नजर आरपार जाते, ही माझ्यावर थांबली. अगदी शांत. मग त्याने डोळे खाली घेतले. चारी वल्ही पाण्यात पडली, आणि ओढायच्या क्षणी त्याने ओढलं नाही. दोन्ही मुठी आवळून वल्हं तसंच धरून ठेवलं. मागून जनाचं वल्हं पूर्ण जोराने आलं आणि त्याच्यावर आदळलं. जनाचं वल्हं खाली दाबलं गेलं, मूठ उलटून त्याच्या बरगडीत बसली, बोट तिरकी झाली. आम्ही सावरेपर्यंत अंधेरीची बोट बाजूने निघून गेली होती.

काठावरून सगळ्यांना एवढंच दिसलं की जनाचं वल्हं अडकलं. विलास बोटीतून उतरता उतरता म्हणाला, "जना, काय केलंस रे..." मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं. जना बरगडी धरून म्हणाला, "मी नाय. तुझंच थांबलं होतं." अशोकला धक्क्यापलीकडे काही कळलं नव्हतं. मग सर माझ्याकडे वळले. धर्माकाकाही तोवर तिथे येऊन उभे राहिले होते.

"तू समोर बसला होतास," सर म्हणाले. "कोणाचं चुकलं?"

विलास माझ्याकडे बघत नव्हता. तो बुटाची नाडी सोडत होता. अगदी निवांत. त्याने मान वर करून मला एक इशारा केला असता, डोळ्यांनी विनवलं असतं, तरी मी आज त्याला थोडी सूट दिली असती. त्याला गरजच वाटली नाही. त्याला माझी खात्री होती.

"मी पुढे बघत होतो, सर," मी म्हणालो. "मला नीट दिसलं नाही."

धर्माकाकांनी जनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बायकांना टेम्पोत बसायला सांगितलं.

जना त्यानंतर क्लबवर आला नाही. महिनाभर वर्गात यायचा, मग तेही थांबलं. शेवटच्या परीक्षेला तो बसला नाही, बापाच्या होडीवर जायला लागला. कोळीवाड्यातली पोरं त्याला 'तलाववाला' म्हणून चिडवतात हे मला अशोककडून कळलं. भर समुद्रात ज्यांची होडी चुकत नाही त्यांच्या घरातल्या पोराचं वल्हं साध्या तलावात अडकलं, याहून मोठी थट्टा त्यांच्याकडे नसावी. मी त्याला भेटायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा हायवेवरून परत फिरलो.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत विलासला चेंबूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पेढे घेऊन तो घरी आला, माझ्या आईच्या पाया पडला. तिथला मोठा साहेब अंधेरीच्या कॉलेजच्या बोट क्लबचा जुना पदाधिकारी आहे हे मला ठाऊक होतं. मी त्याला खाली घेऊन गेलो, गल्लीच्या तोंडाशी इराण्याकडे बसलो आणि सरळ विचारलं.

तो चहा ढवळत राहिला. "साहेबांनी 'हर' असं नाही म्हटलं रे," तो म्हणाला. "म्हणाले, आमची इतक्या वर्षांची परंपरा आहे, तुटली तर वाईट वाटेल. मग बाबांची चौकशी केली. किती दिवस घरी आहेत, बहिणी किती... तू काय केलं असतंस?"

"मला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं तर तू झोपला नसतास."

"आणि जना?"

"त्याचं वल्हं आदळेल असं मला वाटलं नव्हतं. आईशप्पथ. मला वाटलं बोट नुसती ढिली पडेल."

"पण नंतर, काठावर... तू त्याचं नाव घेतलंस."

त्याने चमचा बशीत ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तू?"

त्या दोन शब्दांवर आमची पुढची पाच वर्षं उभी राहिली. मी त्याच्याशी मैत्री तोडली नाही. तोडायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगतो, तोडवतही नव्हती. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त त्याने दिलं, सहा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर तो बसून होता. बहिणींची लग्नं केली, वडिलांना पुन्हा गिरणीच्या दारात जाऊ दिलं नाही. कारखान्यातल्या कामगारांच्या पोरांना तो फुकट पोहायला शिकवायचा. शोकसभेत हे सगळं लोकांनी सांगितलं आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

जे सांगितलं गेलं नाही ते हे. क्लबच्या वार्षिक जेवणाला तो दर वर्षी भाषण करायचा, आणि त्यात त्या शर्यतीचा किस्सा असायचा. पहिल्या वर्षी त्याने तो जपून सांगितला. तिसऱ्या वर्षी त्याला रंग चढला. "आणि आमच्या कोळीदादाला नेमका तेव्हाच मासा दिसला," असं तो म्हणायचा, आणि हॉल हसायचा. अशोक हसायचा. मीही हसायचो. हसता हसता मी त्याच्याकडे बघायचो, एकदा तरी त्याची नजर डळमळते का ते शोधायचो. ती डळमळत नव्हती. माझा समज होता की आमच्या दोघांमध्ये एक लाज आहे, ती आम्ही मिळून सांभाळतो आहोत. त्याच्या बाजूला काहीच उरलं नव्हतं. सगळी लाज मी एकटाच वागवत होतो.

आमची शेवटची भेट घाटकोपरच्या हॉस्पिटलात झाली, दुपारच्या भेटीच्या वेळेत. डोळे हळदीसारखे पिवळे, हात इतके बारीक की ओळखू येईनात. शुभांगी औषध आणायला खाली गेली तेव्हा त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणार. मी खुर्ची ओढून त्याच्या तोंडाशी कान नेला.

"तू कोणाला बोलला नाहीस ना कधी?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला, आणि समाधानाने डोळे मिटले. माझा हात त्याच्या हातात होता. शुभांगी परत येईपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही. चार दिवसांनी तो गेला.

शोकसभेत क्लबने ठरवलं की नव्या बोटीला विलासचं नाव द्यायचं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी शुभांगीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं, कारण हे तिने पेपरात वाचू नये एवढं मला कळत होतं. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं, आमच्याकडे जे आहे ते ह्यांच्या मेहनतीचं आहे." मग उठून आत गेली. लिहू नका असं ती म्हणाली नाही. लिहा असंही पुन्हा म्हणाली नाही.

आणि मागच्या रविवारी, पाच वर्षं उशिरा, मी हायवे ओलांडून कोळीवाड्यात गेलो. अंगण तेच होतं. जना आता अंगाने भरलाय, मिशी ठेवलीय. मला पाहून तो उठला नाही, पण चेहरा वाकडाही केला नाही. धर्माकाका दोन वर्षांपूर्वी गेले हे मला तिथे पोचल्यावर कळलं. त्याच्या आईने आतून एक घडीची लोखंडी खुर्ची आणली, पदराने पुसली आणि माझ्यासाठी मांडली.

"बस," ती म्हणाली. "विलासची हाय ती."

मला काही कळेना. जना जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "यायचा तो. दर होळीला. तुला बोलला नाय?"

"नाही."

"पहिल्या वर्षी आला तेव्हा बापाला वाटलं, एवढा मोठा साहेब झालाय, खाली कसा बसेल. म्हणून खुर्ची आणली खास." त्याने दोरा दाताने तोडला. "बाप त्याची माफी मागायचा. दर वर्षी. माझ्या पोरानं तुमची शर्यत घालवली, मनात ठेवू नको म्हणायचा. तो म्हणायचा, जाऊ द्या काका. आणि जेवून जायचा."

मी त्या खुर्चीत बसून ते ऐकत होतो. सांगायला म्हणून जे घेऊन आलो होतो ते मग कसंबसं बोलून टाकलं, की मी पाहिलं होतं, विलासनेच वल्हं धरलं होतं, मी खोटं बोललो होतो. जनाने मान हलवली.

"मला काय सांगतोस? वल्हं माझ्या हातात होतं. मला त्याच वेळी कळलं."

"मग तू त्याला घरात कसा येऊ दिलास? काकांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. त्याच दिवशी, टेम्पोत." पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "बाप म्हणाला, समोर बसलेला पोरगा सरांना बोलला, काय दिसलं नाय. दिसलं असतं तर सांगितलं असतं त्यानं. त्याला कोणाचं भय? तुझंच चुकलं असंल, दुसऱ्याच्या माथी मारू नको. मग मी पण सोडलं. बापापुढे परत परत काय बोलणार?" जाळं पुढे ओढत तो म्हणाला, "आता आलास ते बरं झालं. पण मला गरज नव्हती. बापाला होती."

मी खुर्चीतून उठलो आणि जमिनीवर बसलो. कोणी ऊठ म्हणालं नाही. जना पुढच्या गाठीला लागला. त्याच्या आईने दारातून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, खुर्चीकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, मग तिने ती घडी केली, आत नेली आणि दारामागे उभी करून ठेवली. फेकली नाही.